गळालेली सीताफळे व कारखान्याच्या फाटकासमोर बसून राहिल्याबाबत

मी, बुद्धभूषण सर्जेराव खरात, वय ५८ वर्षे, व्यवसाय शेती (सेवानिवृत्त ग्रंथपाल), रा. केळवाडी, ता. मंठा, जि. जालना, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी माझी सीताफळाची बाग असून तिच्या पश्चिमेस जुन्या टायरपासून तेल काढणारा कारखाना आहे. तो सुरू झाल्यापासून बागेवर काजळी बसते. फुलाच्या आतील चिकट भागावर काजळी बसल्यास तेथे पराग रुजत नाही व फूल गळते. त्यामुळे माझी पत्नी सत्यशीला ही उन्हाळ्यात सकाळी लवकर फुलांना कुंचल्याने स्वतः पराग लावीत असे. बियाण्याच्या प्लॉटवरील रिवाजाप्रमाणे ती हाताने पराग लावल्याची खूण म्हणून अशा प्रत्येक फुलाच्या देठास पिवळा दोरा बांधीत असे. कुंचला काळा होई. तिचा रुमालही काळा होई. त्याबाबत मला अधिक सांगावयाचे नाही.

ती जुलै महिन्यात मयत झाली. दोरा बांधलेली फळे झाडांवर वाढत होती. ती मी कोणास तोडू दिली नाहीत.

आज सकाळी आमच्याकडे कामास असलेल्या बेबीनंदा यांनी मला हाक मारली, "सर, जल्दी या. बाईच्या दोऱ्याचं एकच फळ राह्यलं, बाकी समदी गळाली." मी जाऊन पाहिले. फळे काळी व दगडासारखी टणक होऊन पडली होती. एक फोडले असता आत गर नव्हता. बिया भरल्या नव्हत्या.

ती फळे पिशवीत घेऊन मी कारखान्याच्या फाटकावर गेलो. तेथील सुपरवायझर राधेश्याम म्हणाले, "मंग काय सर, आता झाडालाबी दमा झाला म्हणता का?" सोबतचे इसम हसले. माझी पत्नी दम्याने गेली, हे त्यांस माहीत आहे. ते अंत्यविधीस आले होते.

त्यानंतर मी फाटकासमोर खाली बसलो. मी फाटकातून निघालेला ट्रक हेतुपुरस्सर अडवला, हे कारखान्याचे म्हणणे खोटे आहे. मला उठता येत नव्हते. "सर, उठा हो, गाडी अंगावर घालतील हे लोक," असे बेबीनंदा म्हणाल्याचे आठवते. किती वेळ बसलो, हे सांगता येणार नाही.

तपासणीकरिता फळांचा नमुना लागेल, असे आपण सांगितले. खाली पडलेली सर्व फळे न्यावीत. दोऱ्यासह नेली तरी माझी हरकत नाही. झाडावर राहिलेले फळ मात्र तोडू नये. ते पिकेल किंवा कसे, हे मला माहीत नाही.

माझा हा जबाब संगणकावर टंकलिखित करून मला मोठ्याने वाचून दाखविण्यात आला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरा आहे.