यादीत दोन शिवशंकर

—अहो, फोन तसा उंच धरू नका, थावराभाऊ! फोटो काय वरून टपकणार हाय का? टेबलावर ठेवा. हां, गपचिप ठेवा. आता ही बघा — ही नखाएवढी वस्तू, कॉम्प्युटरला खुपसलेली — हिला ब्लूटूथचं डोंगल म्हणतात. वायर न्हाई, काई न्हाई. तुमच्या फोनमधला फोटो हवेतून हिच्यात येतो आन् तिकडं मशीनमधून कागदावर निघतो. काहून हसून राहिले? खोटं वाटतं? तीस वर्षं झाली मला औंढ्यात, याच गल्लीत. नागनाथाचं दर्शन करून आलेल्या किती जोडप्यांचे फोटो काढले, मोजदाद न्हाई. मागं देवळाचा पडदा, मान जराशी इकडं, डोळे मिटू नका — खट्! त्याला फोटो म्हणतात. आन् तुमचा हा? दाखवा बरं पुन्हा. ही चंदाबाई व्हय? आन् ही शेळी? बरं झालं सांगितलं. वहिनींचं अर्धं तोंड उन्हात, अर्धं सावलीत, शेळी मात्र झकास आली हाय. त्यांला स्टुडिओत आणायला काय झालं व्हतं? — लाजत्या? शेळीपुढं लाजत न्हाईत, माझ्यापुढं लाजत्या. बरं, असू द्या. लेकीच्या सासरी लावायचाय म्हणता, तर देतो छापून. गिऱ्हाईक हाय तुमी, काय बोलणार.

जरा दम धरा. सकाळपासून याच्याच मागं हाय मी — म्हणजे, तसं न्हाई, सकाळी जरा तपासून घेतलं. डोंगल आधी का सीडी आधी, एवढाच घोळ. आधी डोंगल खुपसलं तर कॉम्प्युटर म्हणतो, नवी वस्तू सापडली. आन् लगेच म्हणतो, वळखीची न्हाई. अरे शहाण्या, सापडली तर वळख करून घे की! मग काढलं. सीडी घातली. ती घुर्र घुर्र करत बसली. मग सगळं बंद केलं, चालू केलं, पुन्हा खुपसलं — तव्हा कुठं कोपऱ्यात हे निळं चिन्ह उगवलं. दोन येळात झालं. बरं, सहा येळा. तुमी काय मोजायला बसले व्हते?

आन् नवं न्हाई हे. दोन वर्षं ड्रॉवरमधी पडून व्हतं, निगेटिव्हच्या पाकिटांखाली. मी कशाला घेऊ असली खेळणी? आणलं व्हतं एकानं, नांदेडहून. म्हणला, बाबा, रीळ संपली आता, लोकं फोननंच फोटो काढणार, आपण हे लावू, छापून देऊ. मी म्हणलं, हे खेळणं तुझ्याजवळ ठेव, मपल्या दुकानात मी काढतो तोच फोटो. गिऱ्हाईक बसलेलं व्हतं, वसमतचं, त्याच्यादेखत म्हणलं. आणिक बी बोललो — तुला कॅमेरा धरता येत न्हाई म्हून ही थेरं सुचतात, असं. नाचता येईना अंगण वाकडं. झालं! त्याच दिवशी उठला, आन् महिन्याच्या आत समोर मोबाईलचं दुकान टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय लागतं — त्याची म्हणून राहिलो मी! त्याची जीभ!

हां, धुंडायला लागलं बघा. दहा-पंधरा पावलांच्या आत जेवढे फोन असतील तेवढे गोळा करतं हे. तुमच्या फोनचं नाव काय? अहो, थावरा हे तुमचं नाव, फोनचं इचारतोय! फोनला बी नाव असतंय. ठाऊक न्हाई? घेतला तव्हा कुणी तरी टाकलं असंल की. — दुकानदारानं. कोणत्या? — समोरच्या.

बरं. समोरच्या.

मग झालंच म्हणा! हे बघा, आलं यादीत — शिवशंकर. फोन तुमचा, पैसे तुमचे, आन् नाव त्याचं! फोन विकला की त्याच्यात आपलं नाव घालून देतो ते पोरगं, जाहिरात म्हून. अख्ख्या तालुक्यात शिवशंकर हिंडून राहिलेत. ह्या कॉम्प्युटरला बी त्यानंच ह्या दुकानाचं नाव ठेवलंय, 'शिवहार फोटो', मला न इचारता. आजोबावर गेलंय बेणं. आमचे आबा, लिंबाजी — सव्वाशे मेंढरं व्हती आमची — एकेका मेंढीच्या पाठीवर गेरूचा पट्टा वढायचे. विकलेल्या मेंढीवर बी! घेणारा म्हणायचा, अहो, आता ही आमची झाली. आबा म्हणायचे, तुझीच हाय बाबा, पण कुठं चुकली, तर कुणाच्या दारात आणून सोडायची ते लोकायला कळू दे. म्हाताऱ्याचं डोकं! आन् नातवाचं बी तसंच.

व्हय, माझाच पोरगा. तुमाला ठाऊक व्हतं? मग काहून गप बसले एवढा येळ, मला बोलू देऊन? — काय? त्यानंच धाडलं तुमाला? 'समोर बाबांकडं जा, छापून देतील' — बाबांकडं म्हणला का शिवहार फोटोवाल्याकडं म्हणला? नीट आठवून सांगा. — बाबांकडं. म्हणू द्या. तोंड हाय, म्हणतंय. मला त्याच्या गिऱ्हाइकाची गरज न्हाई, हे बी सांगा त्याला. न्हाई, सांगू नका. दोन वर्षं झाली, दहा पावलांवर बसतो, एक शब्द न्हाई. मी काहून बोलू आधी? बाप हाय मी. त्याची माय पदराखाली डबा घेऊन जाती रोज, तिला वाटतं मला दिसत न्हाई. ठेच्यात मीठ कमी टाकती, त्याला कमी लागतं म्हून — मग मी बी अळणीच खातो घरी. तकलीफ सगळी मलाच.

जाऊ द्या. कामाचं बोला. यादीत दोन शिवशंकर दिसून राहिलेत. एक तुमचा. दुसरा असंल कुणाचा तरी, पानटपरीवर बसला असंल एखादा तुमच्यासारखाच, बापाचं नाव ठाऊक पण फोनचं न्हाई. वरचाच घेतो. हं. आता आकडा मागतंय. म्हणजे कसं, मी इथं चार आकडे टाकायचे, आन् तेच चार तुमी तुमच्या फोनवर. एकट्यानं जोडतो म्हणून जोडत न्हाई हे. दोघांचा बराबर जुळला तरच. टाकला मी. कोणता? सांगतो की, आधी तुमच्या फोनला इचारू तर द्या! मला एकच पाठ हाय. पाचवीला गेला तव्हा सायकल घेऊन दिली व्हती त्याला, तिच्या साखळीला आकड्यांचं कुलूप व्हतं. नंबर आमी दोघांनी मिळून लावला. म्हणलं, तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला सांगायचा न्हाई, मायला बी न्हाई. लई खूश झालं लेकरू. सायकल गेली भंगारात, नंबर तेवढा ऱ्हायला. त्यात काई न्हाई, डोक्यात बसलाय म्हून टाकला.

आलं का फोनवर? न्हाई? नीट बघा, चष्मा लावा. काई दाबलं तर न्हाई तुमी? तुमच्या हातात फोन म्हणजे गाढवाला गुळाची चव काय! आणा इकडं. — न्हाई आलं, खरंच. मग हिकडं ही पट्टी काहून सरकून राहिली?

जोडलं म्हणतंय.

कसं जोडलं? तुमचा फोन तर माझ्या हातात. आन् मी तर तुमाला आकडा बी सांगितला न्हाई अजून.

थांबा. दोन शिवशंकर.

म्हणजे वरचा तुमचा नव्हताच. म्हणजे त्याच्या फोनवर आलं असंल — शिवहार फोटो आकडा मागून राहिला. आन् त्यानं — कुणी सांगितला न्हाई, काई न्हाई — त्यानं टाकला.

थावराभाऊ, जरा समोर बघा बरं. मी न्हाई बघत, तुमी बघा. गिऱ्हाईक हाय का त्याच्याकडं? — न्हाई. मग काय करून राहिला? — फोन हातात धरून उभा हाय. आन् बघून कुणीकडं — न्हाई, सांगू नका. सांगू नका म्हणलं ना!

तुमचा फोटो उद्या. व्हय, उद्या या. वहिनींला आणा, शेळी बी आणा, फुकटात काढतो. आता जा तुमी. काहून म्हणजे? दिसत न्हाई का, मशीन दुसऱ्यासंग जोडलंय! निघा. घ्या हा फोन. आन् आवो — दार कशाला वढून घेऊन राहिले? राहू द्या. उघडंच राहू द्या.