संमती हाय का?

किन्हवलीची एसटी शहापूर स्टँडवर घुरघुरत उभी होती. कुणालीच्या मागच्या सीटवर एक म्हातारं जोडपं हुज्जत घालत बसलं होतं.

“लगीन नोंदवायला गेलो, तर सायबासमोर असं बोलतात का गो, सुंदरा?”

“काय बोलले मी?”

“त्यानं इचारलं, लग्नाला संमती हाय का? तू म्हणालीस, इचार करून सांगते! आता उद्या परत खेप.”

“मंग? तवा मला कुणी इचारलं होतं? दोघांच्या बापांनी सुपारी फोडली नि झालं.”

“अगो, लग्नाच्या दाखल्याबिगर दुबईचा वर्षाचा व्हिसा नाय मिळत. तिथं आपल्या पोराच्या, सुयोगच्या पोरीला मांडीवर घ्यायचंय ना तुला?”

“घ्यायचंय की. पन इचारलं ते सायबानं. तुमी अजून नाय इचारलंत.”

“आता? इथं?”

“इथंच.”

“माझ्याशी लगीन करशील का?”

“इंजिनाचा आवाज येतोय. ऐकू नाय आलं.”

“माझ्याशी लगीन करशील का गो?”

म्हातारा ओरडूनच बोलला. कुणालीनं मान वळवली. कंडक्टरचा हात दोरीवरच थांबला.

“मावशी, हो म्हणा, मग बेल मारतो.”

“हो. पन विमानात खिडकी माझी.”