बाबीकाकाची होडी

हे मी ब्लॉगवर अजून लिहिलेलं नाही. दोनदा बसलो, जमलं नाही. तुम्हाला सांगतो.

कॉलेजात असताना आमचा अड्डा म्हणजे बाबीकाकाची होडी. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून काका ती किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवायचा. आत आम्ही चौघं पत्ते कुटायचो. काका रोज ओरडायचा, "चपला भायर काढा रे मेल्यांनो! ही होडी आसा, एसटी न्हय!" एकदा आम्ही चोरून एका फळीवर आमची नावं कोरली. काकाला पत्ता लागला नाही म्हणून कोण आनंद!

पुढे नोकरीसाठी पुण्याला गेलो, ब्लॉग सुरू केला. होडीचा फोटो हवा म्हणून एका श्रावणात घरी आलो, तर वाळूत होडीच नाही. काकीच्या दारात गेलो.

"काकी, होडी खंय गेली?"

"ह्यांच्या सोबतच गेली रे. आषाढात हे गेले. भर पावसात सुकी लाकडां खंय गावतली? झापाखाली होडी तेवढी सुकी होती."

 काकी आत गेली आणि एक फळी घेऊन आली.

"आजारात ह्यांनीच सांगलेले, मी पावसात गेलो तर होडी फोडा, पण ही फळी चितेर घालू नकात. पोरांची नावां आसत."

मी आधी चपला काढल्या, मग फळी हातात घेतली.