क्लच नसलेली गाडी

हसाल राव, पण ऐका. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या चाकणच्या मालकांनी एका साहेबाची जुनी अमेरिकन गाडी घेतली आणि मला ट्रकवरून काढून तिच्यावर ड्रायव्हर नेमलं. गिअर आपोआप बदलायचे, पण दर वेळी असा गचका बसायचा की मालकांची टोपी पुढच्या सीटवर!

मालक म्हणाले, "आज दुरुस्त झाली नाही तर गाडी विकतो. तू परत ट्रकवर जा."

पिंपरीच्या दगडू मिस्त्रीनं तेल बघितलं, खाली शिरून बघितलं. शेवटी माझ्या शेजारी बसून एक चक्कर मारली.

"भाऊ, तुझा डावा पाय काय करतोय?"

"क्लच दाबतोय," म्हटलं आणि जीभ चावली.

"क्लच हाय कुठं? तू ब्रेक दाबतोयस!"

त्यानं मला डाव्या पायाची मांडी घालायला लावली. खेडपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली.

पुढं मालक माझ्याकडूनच गाडी शिकले. तेही डावी मांडी घालूनच चालवायचे. का, ते विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही, आणि सांगायचं मला.