ओला सांबार

कारंज्याच्या स्टँडवर नीलिमा इंझोरीच्या गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या रिकाम्या पोत्यांना सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास येत होता, आणि म्हातारी नुसती धुमसत होती.

“काल सांबार ओला होता, तं अडत्या म्हने पानी मारून आनला.”

“दव होतं ते. थंडीत सांबार ओलाच निंगते.”

“हे त्याले सांगाचं होतं. मले कायले सांगता?”

“सांगतलं. त्यानं आयकलं नाही.”

“म्हनून आज म्या जुडी न् जुडी पदरानं पुसली, चुलीपाशी सुकवली. बोटं गारठले माये. तं आज काय म्हने?”

“सुकला म्हने. शिळा माल आहे म्हने.”

“आन् तुमी मान हालवून मातीमोल देऊन आले.”

“मंग काय करतो? वापस आनून गाईलेच टाका लागला असता.”

“गाईले टाकाचा होता. गाय तं खोटं बोलत नाही.”

नीलिमाच्या पिशवीतून पाणी टपकत होतं. म्हातारीची नजर तिकडे गेली.

“पोरी, सांबार घेतला का?”

“हो मावशी, त्या अडतीच्या ओट्यावरूनच. आत्ताच आला म्हने, एकदम ताजा.”

“पाहू.”

निथळत्या जुडीला लुगड्याची निळी चिंधी बांधलेली होती. म्हातारीच्या पदराचा काठ तसाच निळा होता, अर्धा फाडलेला. तिने ती जुडी नवऱ्याच्या मांडीवर टाकली.

“घ्या. आता तुमी पुसा.”