लाल आणि लांबी

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर सासरे-सुनेचं जुंपलं होतं. नंबराची वाट बघत बसलेल्या मास्तरीणबाईंच्या हातातल्या मासिकाचं पान मग कसलं उलटतंय!

"ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू. गालिच्याचं यंत्र तुझ्या एकटीच्यानं नाही चालायचं."

"का? त्याचा प्रोग्रॅम बेसिक भाषेतच लिहायचा ना? शिकलेय मी."

"अगं, प्रोग्रॅम यंत्राला समजावणारा कंपायलर जुनाट आहे. आपण दिलेल्या नावाची पहिली दोनच इंग्रजी अक्षरं वाचतो. लाल आणि लांबी त्याला एकच. रंग बदलायला गेलं की गालिचा आखूड!"

"म्हणून लालला तांबडा म्हणता होय?"

"आता घरातही तेच तोंडात बसलंय."

"आणि काठ का विणत नाही?"

"यंत्रालाच जमत नाही. काळा रंग घेतला की काठ बिघडलाच."

"अहो बाबा, काळा आणि काठ!"

"... अरेच्चा! आणि मी यंत्राला शिव्या घालतोय."

"मी काठाला किनार म्हटलं. काल विणली. सुतासारखी सरळ आली."

"माझ्या यंत्रावर? आणि हे आत्ता सांगतेस?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना!"

"आजोबा, येताय ना ऑपरेशनला?" नर्सनं दार उघडलं.

"आलो, आलो! लवकर आटपा हो. मला घरी जाऊन किनार बघायचीय."