पुसलेल्या खुणा

छोटी : ताई, खरं सांग. कोटाच्या कापडावरच्या माझ्या खडूच्या खुणा तू पुसल्यास?

ताई : हो.

छोटी : परत आवाज यायला लागलेत का? गोळी घेतलीस ना? थांब, डॉक्टरांना फोन लावते.

ताई : ठेव तो फोन. आवाज कधीचे थांबलेत. मला कुणी सांगितलं नाही. माझ्या मनाने पुसल्या.

छोटी : विसरली असशील. डॉक्टर म्हणालेच होते, आवाज गेले तरी लक्ष लागायला वेळ लागेल.

ताई : विसरते गं मी. छाती मोजून टेबलापाशी येईपर्यंत आकडा डोक्यातून गळून जातो. दोघं एकदम बोलायला लागले की काही पोचतच नाही. पण हे विसरून नाही झालं.

छोटी : मग?

ताई : काल त्या कोटवाल्या बाई म्हणाल्या, "कटिंग करावं तर धाकटीनेच." आणि मला काय, तर "तुम्ही बटणं छान लावता हो!" बालवाडीतल्या पोरीला म्हणावं तसं.

छोटी : त्यांचं काय मनावर घेतेस?

ताई : ती कात्री माझी होती, छोटे. तुला धरायला मी शिकवली. गिऱ्हाईक दारातून आत आलं की माप डोळ्यांत बसायचं माझ्या. आता तिथे तू उभी असतेस, मजेत शीळ घालत. जळते मी. अंगाची नुसती आग होते.

छोटी : जळतेस? आणि मी इथे जीव मुठीत धरून बसलेय, तू पुन्हा आजारी पडलीस म्हणून!

ताई : हेच ते. मला साधा राग आला तरी तुम्ही गोळ्यांचं पाकीट तपासता.

छोटी : गप्प बस! सगळी मेहनत मातीत घातलीस! आता त्या बाईंना तोंड कोण दाखवणार? आजारी होतीस म्हणून काहीही खपवून घ्यायचं का तुझं? ...हसतेस काय?

ताई : किती वर्षांनी ओरडलीस माझ्यावर. घरात सगळे नुसते हळू आवाजात बोलतात.

छोटी : मला हौस नव्हती तुझ्या जागेची. आई अजून म्हणते, थोरलीच्या हाताची सर तुला नाही. तू अंथरुणाला खिळलेली होतीस, तरी वरचढ तूच! मी नाही जळत?

ताई : खरंच?

छोटी : बघ, लगेच कळी खुलली!

ताई : आण ते कापड. तू मापं सांग, खुणा मी करते. एकेक सांग. आणि रेडिओ बंद कर आधी.

छोटी : केला. पाठ, साडेपंधरा.

ताई : पाठ... परत सांग. आणि तसं बघू नकोस माझ्याकडे.

छोटी : कुठे बघतेय? साडेपंधरा.